ट्रेकला कॅम्पवर घालायला हलकं पायताण कुठलं घ्यावं?

गंगावेशकर · ९ ऑगस्ट, रात्री १०:४२

मंडळी नमस्कार, बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदाच विचारतोय, चुकलं माकलं सांभाळून घ्या.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही चौघं हम्प्ता पासला निघालोय. मनालीतनं जोब्रा, तिथनं चिका, बालू का घेरा, शिया गोरू असं करत पास ओलांडायचा आणि पलीकडं लाहौलमध्ये छत्रूला उतरायचं. पास साधारण १४ हजार फुटांवर आहे. खेचर बिचर काही सांगितलेलं नाही, सॅक ज्याची त्यानं उचलायची. आमचा आजवरचा अनुभव म्हणजे रांगणा, गगनगड आणि दोनदा पन्हाळा-पावनखिंड, हिमालय पहिल्यांदाच.

बुटांचं टेन्शन नाही, घोट्याच्या वर येणारे घेतलेत, जोडी १२०० ग्रॅम भरते आणि गेले दोन महिने रोज सकाळी रंकाळ्याला चकरा मारून पायाला बसवलेत. प्रश्न आहे संध्याकाळी तंबू ठोकल्यावर पायात काय घालायचं याचा. यूट्यूबवर बघितलं तर एक म्हणतो कॅम्प शूज म्हणजे फुकटचं ओझं, दुसरा म्हणतो त्याच्याशिवाय जाऊच नका, आणि तिसरा दहा हजाराचे सँडल दाखवतो.

म्हणून घरात होते नव्हते ते सगळे जोड वजन करायला घेतले. आमचं किराणा दुकान आहे, बाबा वर जेवायला गेल्ते तेवढ्यात उरकू म्हटलं, तर दुसरा जोड काट्यावर आणि बाबा जिन्यात. "काटा म्हंजे लक्ष्मी हाय आपली, आन् तिच्या डोक्यावर पायताण ठेवतोस व्हय रे?" मग काटा धुऊन पुसून हळदीकुंकू वाहायला लावलं आणि पाच मिनिटं नुसतं माझ्याकडं बघत उभे राहिले. उरलेले जोड कॅरीबॅगेत घालून बहिणीच्या केकच्या छोट्या काट्यावर केले (तिला कुणी सांगू नका).

तर आकडे असे, सगळे ८ नंबरचे: फ्लोटर्स ६८० ग्रॅम, रबरी हवाई चप्पल ३४०, क्रॉक्ससारखे दिसणारे बाजारातले फोमचे ३६०, बाथरूमातले फोमचे स्लीपर १९०, आणि एका लग्नाला हॉटेलात उतरलो होतो तिथले पांढरे कापडी स्लीपर ७०!! सगळी सॅक मला ११ किलोत बसवायचीय, त्यामुळं माझा जीव त्या ७० वर आहे.

पण वाटेत नदी ओलांडायला लागते म्हणतात, ती कशात ओलांडायची? आणि थंडीत मोजे घातले तर अंगठ्याची चप्पल कशी घालणार? बजेट हजाराच्या आत. सांगा काय ते.

रानवाट · ९ ऑगस्ट, रात्री ११:२५

हम्प्ता दोनदा झालाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लागतं का? लागतं. दुपारी दोन-तीनला तुम्ही कॅम्पवर पोचता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सात-आठला निघता, म्हणजे सोळा-सतरा तास झाले. दिवसभर घामानं बूट आतनं ओले असतात, त्यातच पाय कोंडून बसलात की कातडी पांढरी मऊ पडते आणि दुसऱ्या दिवशी उताराला फोड ठरलेले. पाय कोरडे करून मोकळे सोडायचे, बुटातलं इनसोल काढून उन्हात टाकायचं, नाड्या पूर्ण सैल करायच्या, यासाठी दुसरं पायताण पाहिजे. शिवाय रात्री दोनला लघवीला उठल्यावर गारठलेल्या बोटांनी नाड्या बांधत बसणं काय असतं ते एकदा केल्याशिवाय कळत नाही.

वजनाचं म्हणाल तर जुने ट्रेकर एक सांगतात, की पायातलं वजन पाठीवरच्या वजनाच्या चार-पाच पट दमवतं. ते खरंय, पण लोक घोळ इथंच घालतात. कॅम्पचं पायताण चालताना पायात नसतं, सॅकमध्ये असतं. म्हणजे तुमचे ३६० ग्रॅम हे ३६० ग्रॅमच, दीड-दोन पेले पाणी. त्यासाठी एवढं रक्त आटवू नका. जीव आटवायचा तर बुटांसाठी आटवा. मात्र ६८० चे फ्लोटर्स घरी ठेवा, तेवढ्यात एक जाड जाकीट येतं.

हॉटेलचे स्लीपर विसरा. संध्याकाळी गवतावर दव पडलं की पाच मिनिटांत त्याची ओली पोळी होते.

आता नदी. हम्प्तावर ओढे-नाले ओलांडायला लागतात आणि शिया गोरूहून छत्रूकडं निघताना सकाळी सकाळीच बर्फाचं पाणी पायाखाली येतं. अनवाणी अजिबात नको. पाणी एवढं गार असतं की अर्ध्या मिनिटात पाय बधिर होतो, तळाच्या धोंड्याला बोट आपटून फुटलं तरी पलीकडं गेल्यावर रक्त दिसतं तेव्हा कळतं. त्यामुळं पायताण असं पाहिजे जे टाचेला धरून ठेवेल. माझ्यासोबतच्या एकानं साधी हवाई चप्पल घालून पाय टाकला, प्रवाहानं डावी चप्पल अशी अलगद काढून घेतली की त्याला कळलंही नाही, ती खाली चंद्रा नदीकडं निघून गेली आणि उरलेले दिवस एकच उजवी सॅकला लटकवून फिरत होता, फेकवत नव्हती म्हणे.

तुमच्या यादीतले फोमचे क्रॉक्ससारखे घ्या. त्यांना मागं पट्टा असतो तो टाचेवर ओढला की झालं. पुढनं बंद, म्हणजे बोटं वाचतात, आणि लोकरी मोजे घालून पाय आत जातो. त्या फोमला ईव्हीए म्हणतात, आतले हवेचे बुडबुडे बंद असल्यामुळं ते पाणी पीत नाही, फडक्यानं पुसलं की कोरडं. कापडी वॉटर शूज लोक नेतात, पण ते ओले झाले की रात्री गारठ्यात तसेच कडक होऊन बसतात. एकच सांभाळा, फोमला उष्णता चालत नाही. शेगडीजवळ वाळत घातलेत किंवा उन्हात बंद गाडीत ठेवलेत तर आकसून ८ चे ६ नंबर होतात.

पन्हाळ्याचा_वारा · १० ऑगस्ट, सकाळी ७:१०

१६६० ला भर पावसात रातोरात पन्हाळ्यावरनं विशाळगड गाठला त्या मावळ्यांनी काय कॅम्प शूज नेल्ते काय? आन् तुम्ही १९० का ३६० करत बसलाय. नाद खुळा लोक हाय तुम्ही 😂

डोंगरवेडी · १० ऑगस्ट, सकाळी ९:०२

वारा दादा, ते जीव घेऊन निघाले होते, मुक्काम करायला नाही. कॅम्पच नव्हता तर कॅम्प शूज कशाला लागतील 🙏

गंगावेशकर, तू दोनदा पावनखिंड केलीस म्हणतोस तर करपेवाडीचा मुक्काम आठवत असेल. आमचा पहिला जुलैचा ट्रेक, मसाई पठारावर धुकं आणि आडवा पाऊस, पुढं खोतवाडी, मांडलाईवाडीकडनं नुसता चिखल आणि भाताच्या बांधावरनं कसरत. संध्याकाळी मुक्कामाला पोचलो तेव्हा बुटातनं अक्षरशः पाणी ओतलं. माझ्याकडं दुसरं काही नव्हतं. एका घराच्या सोप्यात आम्हाला जागा दिलेली, त्या मावशींनी शेणानं सारवलेलं अंगण, त्यात ओले बूट घालून परत जायचं जिवावर आलं म्हणून अनवाणी परसाकडं गेले. जाताना करवंदीचा काटा टाचेत आणि येताना बोटांच्या बेचक्यात जळू. जळू मिठानं सुटली, काटा मात्र आत मोडला. दुसऱ्या दिवशी पांढरपाणीपर्यंत पायाच्या चवड्यावर चालले आणि त्या एका टाचेपायी दोन्ही गुडघे गेले. घरी आल्यावर डॉक्टरकडं चीर देऊन काढला तो काटा, तांदळाएवढा निघाला.

तेव्हापासून मी क्रॉक्ससारखेच नेते. पण रानवाट दादांनी एक सांगितलं नाही, त्याच्या वरच्या भोकांतनं चिखल, खडे, जळवा सगळं आत येतं. सह्याद्रीत पावसाळ्यात हा त्रास आहेच, हिमालयात तेवढा नसेल. आणि मऊ फोमच्या तळातनं काटा सरळ वर येतो, बाभळीचा असेल तर विचारूच नको. म्हणून तळ दाबून बघून घे, अंगठ्यानं सहज खड्डा पडत असेल तर तो घेऊ नको.

अजून एक, सॅकच्या बाहेर लटकवताना नुसत्या पट्ट्यात अडकवू नको. माझा एक जोड असाच कारवीच्या झाडीत राहिला. दोन्ही एकमेकांत घालून, दोरीनं आवळून, मगच कॅराबिनरच्या कडीत.

लाल_माती · १० ऑगस्ट, दुपारी १:४८

कोल्हापूरचा माणूस हिमालयात फोमचं पायताण घालून फिरणार? आरं मर्दा करकर वाजणारी कापशी कोल्हापुरी घाल की! सगळ्या कॅम्पला कळू दे कोण आलंय. जगात भारी.

वादीवाला · १० ऑगस्ट, दुपारी ३:३०

गमतीत म्हणालात ते ठीक आहे पण कुणी खरंच नेऊ नका म्हणून लिहितो. आमच्या घरात तीन पिढ्या हेच काम आहे, त्यामुळं कोल्हापुरीला कमी लेखतोय असं समजू नका.

आपली चप्पल पाण्यासाठी नाहीच. तिचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा यांच्यात कमावलेलं असतं, आणि अस्सल जोडात खिळा नसतो, सगळी शिवण चामड्याच्या वादीची. भिजली की कातडं फुगतं, वादी सैल होते, तळाचे थर सुटायला लागतात. मग माणूस घाबरून ती उन्हात टाकतो, की मग ती पापडासारखी वळते. भिजली तर सावलीत वाळवायची, अर्धवट ओली असताना घालून पायाचा आकार द्यायचा आणि वाळल्यावर तेलाचा हात फिरवायचा. हे सगळं तंबूत कोण करत बसणार? शिवाय ओल्या दगडावर गुळगुळीत चामड्याचा तळ म्हणजे घसरगुंडी. वजनाला तर साधा पुरुषी जोडसुद्धा तुमच्या क्रॉक्सपेक्षा जड भरेल, कापशीची तर गोष्टच वेगळी.

२०१९ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, आपल्या चार आणि कर्नाटकच्या चार जिल्ह्यांना मिळून, २०२५ ला तर तिकडं मिलानच्या रॅम्पवरसुद्धा तसलीच चप्पल चालली. तरी पायताण ते ज्या वाटेचं त्या वाटेला. ट्रेकहून परत आल्यावर हम्प्ताचा फोटो दाखवायला चौकात जाल तेव्हा कोल्हापुरीच घाला.

लाल_माती · १० ऑगस्ट, दुपारी ३:४१

काका दंडवत 🙏 वाळवायचं तेवढं बरं सांगितलंसा, माझी एक गेल्या पावसात वळलीया, आता काय इलाज?

वादीवाला · १० ऑगस्ट, दुपारी ४:०५

वळलेली सरळ होत नाही. ओल्या फडक्यात रात्रभर गुंडाळून, तेल लावून, पाटाखाली दाबून बघा, पण आशा ठेवू नका.

उद्यमनगर_फिटर · १० ऑगस्ट, रात्री ९:५०

भावा विकत कशाला घेतोस, कर की घरात. मी दोन जोड केल्यात, एक पाच वर्सं झाली अजून चाललाय.

सोल-शीट मिळती त्या दुकानात जायचं आन् मायक्रो रबराची शीट मागायची, तीच जिच्यापास्नं शुगरवाल्यांच्या मऊ चपला करत्यात. १० एमएमची घे. खाली लावाय २ एमएमची कडक रबर शीट, जाळीदार डिझाईनची असली तर भारी, नाहीतर ओल्यात घसरतंय. आता पाय कागदावर ठेवायचा, मोजा घालून बरं का, उभा राहून वजन टाकून, आन् पेन्सिल सरळ उभी धरून आखायचं, पेन्सिल आत तिरकी केलीस की माप बारीक निघतंय आन् सगळं मुसळ केरात. सगळीकडनं अर्धा सेंटीमीटर जादा सोड.

कापाय चांभाराची रापी असंल तर उत्तम, नाहीतर नवीन ब्लेडचा कटर, पण एका दमात कापाय जाऊ नको, तीन-चार हात फिरव. चिकटवताना दोन्ही शीटला सोल्यूशन लावायचं आन् लगेच चिकटवायचं न्हाई. धा-पंधरा मिनिटं थांब, बोट लावल्यावर बोटाला येईना झालं की मग जोडायचं आन् वरनं हातोडीनं ठोकायचं. आमच्याकडं पोरं इथंच घाई करत्यात आन् मग सोल्यूशनलाच शिव्या देत्यात.

पट्ट्याला शाळेचं जुनं दप्तर फाड, त्याची नायलॉन पट्टी आन् बक्कल दोन्ही कामाला येत्यात. तुला मोजं घालायच्यात म्हणून अंगठ्याचा पट्टा करू नको, चवड्यावरनं एक आडवी पट्टी आन् एक टाचंला. पट्टी आत घालाय चीर पाडशील ती काठापास्नं कमीत कमी १ सेंटीमीटर आत, आन् चिरंच्या दोन्ही टोकाला पंचनं बारकं भोक, न्हाईतर तिथनंच फाटत जातंय. हे लोखंडात बी तसंच असतंय, चीर थांबवायची तर टोकाला भोक मारायचं.

माझा ९ नंबरचा जोड १६५ ग्रॅम भरलाय. खर्च म्हणशील तर तुझ्या बजेटच्या पावभर. शीट अर्धी उरलीया माझ्याकडं, पाहिजे तर शनवारी सुट्टी हाय, ये गॅरेजवर.

गंगावेशकर · १० ऑगस्ट, रात्री १०:१५

दादा १६५!!! येतोच शनिवारी. बहिणीचं पाचवीतलं दप्तर माळ्यावर आहे.

रानवाट सर, दोन शंका. नदी ओलांडायची काही वेगळी पद्धत असते का, की सरळ चालत जायचं? आणि मी म्हटलं तयारी म्हणून पंचगंगा घाटावर पाण्यात उभं राहून बघावं.

रानवाट · १० ऑगस्ट, रात्री १०:३१

पंचगंगेत सध्या पायसुद्धा बुडवू नका!! राजाराम बंधाऱ्याला पाणी इशारा पातळीच्या, म्हणजे ३९ फुटांच्या दिशेनं चाललंय आणि तुम्ही चपलेची ट्रायल घेताय. बाथरूमात बादली ओता आणि त्यात चाला, पुरे.

नदीचं सांगतो. शक्यतो सकाळी ओलांडायची, दुपारी ऊन चढलं की वर बर्फ वितळून पाणी वाढतं, सकाळी गुडघ्याखाली असलेला ओढा संध्याकाळी मांडीला लागतो. जिथं पाणी अरुंद दिसतं तिथं ते खोल आणि जोरात असतं, पसरट जागा शोधायची. सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडून ठेवायचा, पडलात तर सॅक पटकन टाकता आली पाहिजे. तोंड पाणी येतं त्या बाजूला, काठ्या पुढं टेकून, पाय घासत घासत आडवं सरकायचं, एक पाऊल पक्कं झाल्यावर दुसरं उचलायचं. चौघं आहात तर एकमेकांचे दंड किंवा सॅकचे पट्टे धरून चला. बूट गळ्यात अडकवू नका, मोजे आत कोंबून सॅकला आवळून बांधा. पलीकडं गेल्यावर फोटो नंतर, आधी पाय पुसून मोजे.

आणि पाण्याला जोर दिसला, तळ गोट्यांचा असला, तर खरं सांगतो, बूटच घालून जायचं. मोजे आणि इनसोल काढून ठेवायचे, नुसता बूट घालून ओलांडायचं, मग बूट उलटा करून पाणी झटकायचं आणि कोरडं इनसोल परत आत. दिवसभर पाय जरा गार राहतो पण घोटा वाचतो.

फिटर दादांची आयडिया मस्त आहे, पण आडवी मऊ शीट पाण्याच्या धारेत वाकते असा माझा अंदाज आहे. करून बघा आणि सांगा.

गंगावेशकर · १८ ऑगस्ट, रात्री ९:२०

मंडळी अपडेट. शनिवारी उद्यमनगरला गेल्तो, दादांनी चहा पाजला, वडा खायला घातला आणि तीन तास बसवून माझ्याकडनंच सगळं करून घेतलं. पहिला तळ मी घाईत कापला तो वाकडा गेला, दादा काही बोलले नाहीत, नुसता तो उचलून कोपऱ्यात टाकला आणि दुसरा कागद पुढं सरकवला. जोड १७२ ग्रॅम झाला, मी दोन ठिकाणी सोल्यूशन जास्त लावलं त्याचे ते ७ ग्रॅम.

काल आम्ही चौघं सॅक भरून पन्हाळ्यावरनं मसाई पठाराला जाऊन आलो. बुटात वर गेलो, पठारावर दोन तास नवीन पायताण घालून फिरलो. जांभ्याचा खडक ओला होता, खालच्या जाळीनं पकड चांगली धरली. उजव्याची एक चीर फाटायला लागली, कारण तिथंच मी पंच मारायला विसरलो होतो. बाकी मोज्यावरनं एकदम आरामात. आमच्यातला एकजण क्रॉक्ससारखे घेऊन आलाय, एक साधी हवाई, आणि चौथा महाभाग तेच हॉटेलचे पांढरे. त्याला हा सगळा धागा पाठवला तरी ऐकत नाही, ७० ग्रॅम ७० ग्रॅम करतोय.

डोंगरवेडी · १८ ऑगस्ट, रात्री ९:४४

त्या चौथ्याच्या सॅकमध्ये दोन प्लास्टिकच्या पिशव्या गुपचूप टाकून ठेव, तंबूबाहेर जाताना मोज्यावरनं बांधेल 😄 आणि रात्री बूट ओले असतील तर तंबूबाहेर ठेवू नका रे, वर गारठ्यात कडक होतात, सकाळी पाय जात नाही. पिशवीत घालून तंबूच्या आत पायथ्याशी ठेवा.

गंगावेशकर · १७ सप्टेंबर, संध्याकाळी ७:०५

परत आलो! निजामुद्दीनहून गाडीनं येताना लिहायचं ठरवलं होतं पण झोपच झाली सगळी. ट्रेकचं वर्णन वेगळ्या धाग्यात टाकतो, इथं फक्त पायताणाचं.

कॅम्पवर माझा जोड राजा. बालू का घेराला संध्याकाळी वारा सुटला, दोन मोजे घातलेले, पट्टी सैल करून पाय आत, काही त्रास नाही. रात्री बाहेर जाताना अंधारात पाय सरकवला की घातला. फोड एकही नाही, तेही कदाचित पाय रोज वाळवल्यामुळं असेल.

पण नदीला रानवाट सरांचा अंदाज शंभर टक्के बरोबर. शिया गोरूहून निघाल्यावर पाण्यात उतरलो, तिसऱ्याच पावलाला उजव्याचा पुढचा भाग धारेनं खाली दुमडला आणि मी त्या दुमडीवरच पाय दिला. पडलो नाही कारण मागच्यानं सॅक धरली होती. तिथंच उभं राहून पाय वर घेऊन सरळ करावं म्हटलं तर बोटांत जीवच नाही. तसाच लंगडत पलीकडं. दुसऱ्याचे क्रॉक्ससारखे मात्र मागचा पट्टा टाचेवर घेऊन अगदी मजेत पार झाले, त्याला विचारलं तर म्हणतो मला काही कळलंच नाही. हवाईवाल्यानं सरांची गोष्ट वाचून आधीच चप्पल सॅकला बांधली आणि इनसोल काढून बूट घालून गेला, तोही व्यवस्थित. त्याचे बूट छत्रूपर्यंत चालता चालता बरेचसे वाळले. मीही तेच करायला पाहिजे होतं, नव्या जोडाचा माज नडला.

चौथ्याचे हॉटेलचे पहिल्याच मुक्कामाला चिकाला दवानं गेले. पुढं तीन दिवस तो माझा किंवा क्रॉक्सवाल्याचा जोड मागून घालत होता आणि प्रत्येक वेळी म्हणत होता वजन मात्र मी वाचवलं.

तर पुन्हा नदीचा ट्रेक असेल तर मी ते ३६० वालेच नेणार. रांगणा, गगनगड, जिथं नुसता मुक्काम आहे तिथं हा १७२ वाला. फिटर दादा, तळाच्या मध्ये एखादी कडक पट्टी घालून बघू का, वाकणार नाही अशी?

उद्यमनगर_फिटर · १७ सप्टेंबर, रात्री ८:३०

घालू की. जुन्या बुटात मधी जी पट्टी असती तसली, पण प्लास्टिकची बादली कापून. वजन २० ग्रॅम वाढंल. पण मर्दा पडला न्हाईस हे बरं झालं, न्हाईतर रानवाट सरांनी मला सोडला नसता.

रानवाट · १७ सप्टेंबर, रात्री ८:५२

सोडला नसताच 😄 गंगावेशकर, काय झालं ते लपवलं नाहीत, बरं वाटलं. बादलीची पट्टी घातलीत तरी नदीला नेऊ नका मात्र.

गंगावेशकर · १८ सप्टेंबर, सकाळी ८:१५

नाही नेत सर.

फिटर दादा, अजून एक. काल बाबांनी तो जोड दुकानात घातला, दिवसभर गल्ल्याशी उभं राहून त्यांच्या टाचा दुखतात. रात्री दुकान बंद करताना म्हणाले, "बरं हाय की हे, मला एक कर, ७ नंबर. अंगठा असलेलं, तुझ्यासारखं दप्तराचं नको." शीट उरलीय का?

उद्यमनगर_फिटर · १८ सप्टेंबर, सकाळी ८:४०

हाय. शनवारी घेऊन ये त्यांना, पाय हितंच आखू. आन् वजन माझ्याकडच्या काट्यावर करू, तुमच्या नको.